मूळ कारण

अंबडच्या कंपनीत माझं टेबल खिडकीशी.
बुशिंग येतं, मी गेज घालते,
गेलं तर गेलं, नाही गेलं तर लाल क्रेट.
लाल क्रेटमधल्या प्रत्येक तुकड्यामागे एक फॉर्म:
का? मग त्याचं का? मग त्याचंही का?
पाच का संपले की खाली चौकोन, मूळ कारण.
तो रिकामा ठेवला तर सिस्टिम पुढे जात नाही.

दिवाळीनंतर तोंड आलं.
आई म्हणाली, उष्णता. जाईची पानं चावायला लावली.
केमिस्टनं बी-कॉम्प्लेक्स दिलं,
पेठ रोडच्या डेंटिस्टनं एक धारदार दाढ घासून दिली.
रविवारच्या मिसळीत मी नुसता पाव खाल्ला,
भाऊ म्हणाला, मखमलाबादची असून तर्रीला भितेस?
सात आठवडे. फोड तिथंच, डाव्या कडेला,
बसायला जागा मिळालेल्या पाहुण्यासारखा.

डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू?
नाही.
मिश्री, सुपारी, गुटखा?
नाही.
आईला बाहेर बसवलं आणि परत विचारलं.
मी म्हटलं, जेवणानंतर बडीशेप खाते.
त्यांनी ती लिहिली नाही.
वय सव्वीस, हे मात्र दोनदा लिहिलं.

आत्यानं घरी येऊन दार लोटून घेतलं:
आता तरी खरं सांग.
वाटलं, सांगून टाकावं काहीतरी,
कॉलेजात एकदा, मैत्रिणीबरोबर,
म्हणजे सगळ्यांना झोप लागेल.

लाइनवरचे गांगुर्डे काका चाळीस वर्षं मळतायत.
तोंड ठणठणीत.
माझं कळलं तेव्हा पुडी कूलंटच्या ट्रेमध्ये फेकली.
सोमवारी नवी आणली,
पण आता कंप्रेसरमागे जाऊन मळतात,
मी दिसले की हात खिशात, पोरासारखा.
मला त्यांचा राग येत नाही.
खोटं. बुधवारी आला होता.

नऊ तास.
जिभेचा तिसरा हिस्सा गेला,
तिथं मनगटाची कातडी शिवली,
घड्याळ बांधायची जागा.
आता मी मनगटाच्या जोरावर बोलते.
रिपोर्टमध्ये मार्जिन पाच मिलिमीटर, स्वच्छ.
माझ्या टेबलावर पाच मिलिमीटर म्हणजे पडीक रान,
आम्ही मायक्रॉनवरून भांडतो.
इथं तेवढ्यावर आईनं पेढे वाटले.

थेरपी गंगापूर रोडला, मंगळवार-शुक्रवार.
क येतो. त येतो, थोडा ओला.
ळ येत नाही.
जीभ मागं वळवून टाळूला टेकवायची असते;
मनगट तसं वळणारंच,
पण तोंडात आल्यापासून विसरलंय.
मोनाली नीट म्हणता येतं.
आडनावाशी अडते.
पिंगये, असं केस पेपरवरही एकदा चढलं,
मी दुरुस्त करायला गेले नाही.

कामावर परत आले. फॉर्म तोच.
जेवणाच्या सुट्टीत एकदा माझाच भरून पाहिला:
गाठ का? पेशी वाढत गेल्या.
का? थांबायचं विसरल्या.
का?
इथं भोंगा झाला.

परवा निमाणीच्या स्टँडबाहेर केळी घेत होते,
मऊ म्हणून रोज तीच,
तोंडातून गेलं, केयी कशी दिली?
टोपलीवाली वर बघून हसली:
कथानी शे व माय तू? बागलाणनी का?
तिच्याकडं सगळेच ळला य म्हणतात.
डोयात गेलेलं कुसळही कुसय,
बैल काया, केस काये,
पिढ्यान्‌पिढ्या, कुणाची जीभ न कापता.

मी मान हलवली. हो म्हटलं.
तिनं डझनावर एक जास्त टाकलं.

बसमध्ये खिडकीशी बसून
मखमलाबाद येईपर्यंत हलक्या आवाजात म्हणत राहिले,
मूय. मूय. मूय.
शेजारी कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं,
पोरगी सटाण्याकडची दिसते.